खिळ्याचं दुसरं टोक

आमच्या घरात दोघी जणी कागदावर जगतो. वहिनी कागद जोडते आणि मी फाडते.

फाडते म्हणजे पगार घेऊन फाडते. कागद आणि पुठ्ठा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी कामाला आहे. खोकी, पिशव्या, पाकिटं बनवणारे लोक आपला माल आमच्याकडे पाठवतात आणि तो किती जोर लावल्यावर, कुठून फाटतो हे आम्ही त्यांना लेखी कळवतो. मला सगळ्यांत आवडतं ते घडीचं यंत्र. कागदाची पट्टी दोन चिमट्यांत धरून द्यायची, यंत्र ती पुढे-मागे दुमडत राहतं आणि पट्टी तुटली की आपोआप थांबतं. त्याच्यासमोर काही वर्षं बसलेल्या माणसाला घाई म्हणून कशाची होत नाही.

वहिनी पुस्तकं करते. हा शब्द आईचा. सून काय करते, असं कुणी विचारलं की आई सांगायची, "पुस्तकं."

"लिहिते?"

"नाही."

"छापते?"

"नाही हो."

"मग विकते?"

"विकली तर सोनंच की. करते. नुसती करते."

लग्नाआधी वहिनी बुटांच्या खोक्यांच्या कारखान्यात नमुने करायची. कापून उरलेले पुठ्ठे घरी आणून ती त्यांची पुस्तकं करू लागली. पहिलं मी पाहिलं ते काडेपेटीएवढं होतं. उघडलं तर आतून घड्या निघतच राहिल्या, स्वयंपाकघरातून दारापर्यंत. आई म्हणाली, "छान आहे, पण आता ते परत आत कोण घालणार?" वहिनीनं ते एका हातानं, दुसऱ्या हातातला चहा न सांडता, आत घातलं. त्या दिवसापासून आईला सुनेबद्दल आदर आहे आणि तिच्या धंद्याबद्दल शंका आहे.

मग प्रदर्शनं सुरू झाली. कधी मेणात बुडवलेली पानं, कधी नुसत्या भोकांचं पुस्तक. एकदा तिनं दादाचे, म्हणजे माझ्या भावाचे, जुने शर्ट फाडून, भिजवून, कुटून त्यांचा कागद केला आणि त्याचं पुस्तक बांधलं. बटणं पानांतच राहू दिली. दादा शाळेत भूगोल शिकवतो. तो आठवडाभर निळा चौकडीचा शर्ट शोधत होता. ते पुस्तक दूरच्या एका संग्रहालयानं घेतलं. दादा हौसेनं एवढा प्रवास करून ते बघायला गेला. पुस्तक काचेच्या पेटीत, एका जागी उघडून ठेवलेलं. त्यानं काचेवर बोट टेकवलं तसा पहारेकरी म्हणाला, "साहेब, मागे व्हा. हात लावायचा नाही."

"शर्ट माझा आहे," दादा म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," पहारेकरी म्हणाला.

दादानं ही गोष्ट घरी रंगवून सांगितली आणि आम्ही पोट धरून हसलो. वहिनीही हसली, पण जरा कमी. नंतर भांडी पुसताना ती मला म्हणाली, "माझी सगळी पुस्तकं काचेत आहेत, तुझ्या लक्षात आलंय? प्रत्येकाचं एकच पान दिसतं. बाकीची पानं मी केली काय नि न केली काय."

"मग पुढचं असं कर की काचेत ठेवताच येणार नाही."

"तेच करतेय," ती म्हणाली. "पण ते तुला फाडावं लागेल."

*

आमचं घर अरुंद आहे. स्वयंपाकघर तर इतकं चिंचोळं की जेवणाचं टेबल भिंतीला चिकटवून ठेवावं लागतं. त्यामुळे आम्ही चौघं एका ओळीत बसून, भिंतीकडे तोंड करून जेवतो. पाहुण्यांना गंमत वाटते. आम्हाला ती भिंत तोंडपाठ आहे. खाली उजवीकडे तेलाचा डाग, वर ओल येऊन गेल्याचा नकाशा, मधून गेलेली एक बारीक भेग. दादाच्या मते ती भेग म्हणजे उपनद्यांसकट एक नदी आहे. आणि मधोमध कॅलेंडरचा खिळा, दादानंच ठोकलेला. एवढ्याशा कॅलेंडरसाठी त्यानं असा खिळा आणला होता की त्यावर गाय बांधता आली असती.

वहिनीनं या भिंतीचं पुस्तक केलं. मिटलेलं असताना ते जाड पाटीसारखं दिसायचं. एकानं डावं टोक धरायचं, दुसऱ्यानं उजवं, आणि दोघांनी एकाच वेळी ओढायचं. मग घड्या उलगडत मधली पानं उठून उभी राहायची आणि वाचणाऱ्यांसमोर भिंत तयार व्हायची, डाग, ओल आणि नदीसकट. ओढ थोडी सैल केली की वरचा रंग मागे सरके आणि खालचा जुना रंग दिसे, त्याच्याखाली आणखी जुना. एकट्या माणसाला ते उघडणं शक्यच नव्हतं. कुणीही एकानं टोक सोडलं की भिंत आडवी.

सांध्यांसाठी तिनं पातळ कापडावर चिकटवलेला कागद वापरला. त्याच्या पट्ट्या मी प्रयोगशाळेत नेल्या आणि सुट्टीच्या वेळेत यंत्रावर लावल्या. दोन प्रकारच्या पट्ट्या टिकल्या नाहीत. तिसरी इतकी टिकली की मी डबा खाऊन आले तरी यंत्र चालूच होतं.

"काय म्हणतंय यंत्र?" वहिनीनं फोनवर विचारलं.

"वैतागलंय."

ती एवढी खूश झाली की संध्याकाळी तिनं मला 'वन्सं' म्हटलं नाही. चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते.

पुस्तक घेऊन ती मोठ्या वाचनालयात गेली. तिथल्या ग्रंथपालबाई कडक. त्यांच्या वाचनकक्षात टाचणी पडली तर टाचणीच दचकेल. त्यांना पुस्तक आवडलं. त्यांनी विचारलं, "दालनातली मधली पेटी रिकामी आहे, चालेल?"

"पेटी नको, मॅडम," वहिनी म्हणाली. "वाचनकक्षातलं एखादं टेबल द्या. कुणीही यावं, उघडावं."

"कुणीही दोघांनी," बाई म्हणाल्या. "म्हणजे बोलणं आलं. माझ्याकडे बोलत नाहीत."

"हळू बोलतील."

"आणि फाटलं तर?"

"मी शिवीन."

बाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "एक दिवस ठेवून बघू. संध्याकाळी पुस्तक धड असलं आणि माझी शांतताही धड असली, तर टेबल तुमचं. नाहीतर पेटी. पेटीत तरी द्याल ना?"

"देईन," वहिनी म्हणाली. घरी येऊन म्हणाली, "देईन म्हणाले खरी, पण पेटीत गेलं तर मी पुन्हा खोकीच करीन बाई. बुटांच्या खोक्यांना निदान लोक हात तरी लावतात." हे ती हसत म्हणाली, पण आम्ही कुणी हसलो नाही.

*

त्या दिवशी आईही आमच्याबरोबर आली. "इतकी वर्षं करतेय, एकदा चालताना बघू तरी," म्हणाली. वहिनी वाचनकक्षात आधी एकदाच गेली होती, टेबलाची लांबी-रुंदी मोजायला. टेबल तिनं काळजीपूर्वक मोजलं होतं. खुर्च्यांकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं.

खुर्च्या जमिनीत स्क्रूनं घट्ट बसवलेल्या होत्या, सरकवताना आवाज होतो म्हणून. शेजारच्या दोन खुर्च्यांत एवढं अंतर की कोपराला कोपर लागू नये. जवळ होत्या त्या फक्त समोरासमोरच्या.

ते पाहिलं आणि मला घरचं टेबल आठवलं. आम्ही ते पुस्तक घरी कितीदा उघडलं होतं: वहिनी आणि मी, आई आणि दादा, दादा आणि मी. दरवेळी शेजारी शेजारी बसून. कागद तपासला, कापड तपासलं, गोंद तपासला. माणसं एकमेकांसमोर बसतात हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा आणि कॉलेजातली एक मुलगी, अशी पहिली जोडी समोरासमोर बसली. दोघांनी आपापल्या डावीकडचं टोक धरून बाजूला ओढलं. दोघांच्या मधोमध भिंत उठली. मुलगी हरखली, "अय्या, किती छान. नदी बघा आजोबा."

"कसली नदी?" आजोबा म्हणाले. "इथे नुसत्या चिकटपट्ट्या आहेत."

त्यांच्या बाजूला पुस्तकाची पाठ होती. कोरी, सांधे आणि गोंदाचे डाग असलेली.

"अहो, इकडून बघा ना."

"इकडून म्हणजे कुठून? खुर्ची हलत नाही."

आजोबा उठले, पलीकडचं बघायला वाकले आणि वाकताना टोक हातातून सुटलं. भिंत आडवी झाली. मुलीनं घाबरून आपलं टोक आणखी घट्ट ओढलं आणि मधला सांधा टर्रकन फाटला. त्या खोलीत तो आवाज किती मोठा वाटला ते सांगता येत नाही. मी आयुष्यभर फाटण्याचेच आवाज ऐकत आले, पण त्या आवाजाला मी डोळे मिटले.

ग्रंथपालबाई आल्या. ओरडल्या नाहीत. पुस्तक मिटून त्यांनी वहिनीच्या हातात दिलं. म्हणाल्या, "दुरुस्त करून आणा. मधली पेटी मी राखून ठेवते."

*

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे ओळीत बसून जेवलो. समोर ती भिंत. कुणी काही बोलेना. दादानं एकदा "खुर्च्यांना स्क्रू म्हणजे हद्दच झाली" असं म्हणून पाहिलं, पण कुणी उचलून धरलं नाही.

तेवढ्यात भिंतीवर टकटक झालं.

"काय हो," भिंत म्हणाली, "आज कुणी बोलत का नाही? बरं आहे ना सगळं?"

तो आवाज शिवणकाकूंचा होता. त्या कपडे शिवून देतात, लहान-मोठे करून देतात. त्यांचं दार मागच्या गल्लीत उघडतं. आमचे कपडे घेऊन आम्ही त्यांच्या पुढच्या खोलीपर्यंत कैक वेळा गेलो होतो. त्या भिंतीपलीकडेच राहतात हे आम्हाला माहीत होतं, पण पृथ्वी फिरते हेही माहीत असतंच की. ते रोज जेवताना कुणाच्या मनात येत नाही.

"काकू, तुम्हाला आमचं ऐकू येतं?" आईनं विचारलं.

"सगळं. तुमच्याकडे मीठ कमी पडलं की मी माझ्या भाजीत बघून घेते."

दादाला ठसका लागला.

"पण तुम्ही कुठे आहात, काकू?" वहिनीनं विचारलं. तिनं घास खाली ठेवला होता.

"कुठे म्हणजे? टेबलाशी. जेवतेय. आमचंही टेबल भिंतीलाच आहे, जागा कुठेय इथे."

वहिनी उठली. हात न धुताच चपला घालायला लागली.

"अगं, जेव तरी," आई म्हणाली.

"आलेच," वहिनी म्हणाली. मग मला म्हणाली, "वन्सं, चला."

गल्लीला वळसा घालून आम्ही काकूंच्या दारात गेलो. त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच आतल्या खोलीत नेलं. फिकट हिरवी भिंत, तिला लावलेलं छोटं टेबल, एक ताट, एक खुर्ची. भिंतीवर खडूनं लिहिलेली मापं, पुसलेली आणि पुन्हा लिहिलेली. एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्यांचे तुकडे पिठाच्या खळीनं चिकटवलेले, कुठला दोरा कुठल्या कापडाला हे लक्षात राहावं म्हणून. आणि मधोमध, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीतून बाहेर आलेलं खिळ्याचं टोक. त्यावर मोजायची टेप लटकत होती.

"हा तुमच्याकडूनच आलाय," काकू म्हणाल्या. "ज्या दिवशी आला त्या दिवशी भांडायलाच निघाले होते. मग म्हटलं, टेप ठेवायला जागा नव्हतीच."

पलीकडून दादाचा आवाज आला, "खिळा मजबूत आहे की नाही?"

"गाय बांधता येईल," काकू म्हणाल्या.

वहिनी काकूंच्या खुर्चीत बसली. समोरच्या हिरव्या भिंतीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षं आपण समोरासमोर बसून जेवतोय."

"मग?" काकू म्हणाल्या. "मी काय एकटी जेवते असं वाटलं होतं तुम्हाला?"

*

पुढचे काही आठवडे वहिनी काकूंकडेच मुक्कामाला असल्यासारखी होती. काकू शिवायच्या आणि ही भिंत रेखाटायची. जेवायला ती कधी या बाजूला असायची, कधी त्या. तिला हाक मारायची तर आई भिंतीवर टकटक करायची. पुस्तकाच्या कोऱ्या पाठीवर काकूंची हिरवी भिंत आली, खडूची मापं, दोऱ्यांचे तुकडे आणि टेपसकट. इकडे खिळ्याचं डोकं आणि तिकडे टोक जिथे होतं, तिथे तिनं आरपार एक भोक ठेवलं. सांधे दुहेरी केले. मी पुन्हा पट्ट्या दुमडल्या. या वेळी यंत्राला मी कापडाचं आवरण घालून घरी निघून आले. सकाळी पाहिलं तर बिचारं नुकतंच थांबलं होतं.

ग्रंथपालबाई दुसऱ्यांदा तयार नव्हत्या. वहिनी एवढंच म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी चूक खुर्च्यांची नव्हती. तुमच्या खुर्च्याच बरोबर होत्या." खुर्च्यांचं कौतुक बाईंनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. म्हणाल्या, "बरं. एक दिवस."

त्या दिवशी शिवणकाकूही शिवण बंद ठेवून आल्या. आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो. सकाळभर जोड्या येत होत्या. एक जण इकडून ओढायचा, एक तिकडून. कुजबुज व्हायची: "तुमच्याकडे काय आहे?" "नदी. तुमच्याकडे?" "कुणाच्या तरी कमरेचं माप." भोक दिसलं की दोघं एकदमच वाकायचे आणि मग दबलेलं हसू. आजोबा पुन्हा आले, या वेळी मुद्दाम हिरव्या बाजूला बसले आणि आपल्या जोडीदाराला खडूची सगळी मापं वाचून दाखवू लागले. पुस्तक धड होतं. शांतता मात्र उसवत चालली होती. बाई दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या. वहिनी हाताच्या बोटांना लागलेला सुकलेला गोंद सोलत होती, आणि तो कधीच संपला होता.

दुपारी टेबल रिकामं झालं तशी आई उठली आणि जाऊन खुर्चीत बसली. समोर कोणी नव्हतं. इतक्यात ग्रंथपालबाई आल्या. चेहऱ्यावरून कळत होतं की निर्णय झालाय. त्या वहिनीकडेच निघाल्या होत्या.

"बाई," आई म्हणाली, "जरा एवढं टोक धरता का हो? माझ्या जोडीला कोणी नाही."

"आजी, इथे बोलायचं नसतं."

"नाही बोलत. तुम्ही धरा."

बाई बसल्या. टोक धरलं. दोघींनी ओढलं. भिंत उठली. आईला समोर आपली भिंत दिसली आणि न बोलण्याचा करार तिथेच संपला.

"हा तेलाचा डाग," ती कुजबुजली. "माझा नाही, सुनेचा."

बाक हलला, कारण वहिनीनं तोंडावर हात दाबला होता.

"इकडे टेप आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"ती काकूंची. आमच्या खिळ्यावर असते. आमचा मुलगा भूगोल शिकवतो, त्यामुळे त्याला भिंतीची जाडी कळत नाही."

बाईंचे ओठ हलले, पण त्यांनी आवरलं. मग त्यांना भोक दिसलं. त्या वाकल्या. पलीकडून आईही वाकलेलीच होती. मधे एवढंसं भोक, दोन्हीकडे चष्मे, आणि चष्म्यांच्या काचा एकमेकींवर टक् करून आपटल्या.

ग्रंथपालबाई हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत. मोठ्यांदा, खळखळून, मान मागे टाकून हसल्या. वाचनकक्षातल्या सगळ्या माना वर झाल्या. आजोबांनी पेपर खाली घेतला.

आईनं आपलं टोक घट्ट धरून ठेवलं, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाली, "शू. वाचताहेत लोक."

संध्याकाळी बाईंनी पुस्तक पानन् पान तपासलं. सगळं धड होतं. "शांतता काही धड राहिली नाही," त्या म्हणाल्या. "पण ती मी मोडली. त्यासाठी तुमचं पुस्तक पेटीत घालणं बरोबर दिसणार नाही." आठवडाभरात खिडकीजवळच्या टेबलावर पाटी लागली: इथे हळू बोलायला हरकत नाही.

*

मग बरेच महिने गेले. एका दुपारी वाचनालयातून फोन आला. वहिनीनं ऐकलं, "हो, हो" म्हणाली, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन भिंतीवर टकटक केलं.

"काकू, फाटलं."

"कुठे?" भिंतीनं विचारलं.

"मधल्या घडीवर."

"पेढे वाटा मग," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघी गेलो. वहिनीनं गोंदाची वाटी, ब्रश, कापडी कागद, सगळं नेलं होतं, पण आधी कितीतरी वेळ ती नुसतं बघत बसली. टोकं काळपट झाली होती. कडा मऊ पडल्या होत्या. भोकाभोवती नाकांचे तेलकट ठसे होते. काचेतल्या तिच्या एकाही पुस्तकाला हे मिळालं नव्हतं. बोटानं मळलेली कडा ती मला पुन्हा पुन्हा दाखवत होती.

मी मात्र फाटलेली घडी बघत होते. सवय आहे.

"माझ्या यंत्राच्या हिशेबानं हे आणखी दुप्पट टिकायला हवं होतं," मी म्हणाले. "काय चुकलं कळत नाही."

"काही चुकलं नाही," ती ब्रश गोंदात बुडवत म्हणाली. "वन्सं, तुमचं यंत्र एकटंच दुमडतं. इथे दोघं ओढतात. आता तो दुसऱ्या बाजूचा कोपरा धरा जरा."

मी टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले आणि कोपरा धरला.